मुलाला ग्राफिक्स कार्ड हवे आहे: आधी काय तपासावे आणि खर्च कोणाच्या खाती लिहावा?

मागील महिन्यात सुलतानपूरला जाणे झाले. लोणार तालुक्यातील हे गाव मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे. तेथे शिलाईचा व्यवसाय करणाऱ्या एका बांधवाच्या दुकानात आम्ही बसलो होतो. शाळांचे गणवेश, लग्नसराईचे कपडे आणि थोडेफार कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे काम असा त्यांचा धंदा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कुठल्याशा कार्यालयातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला. दिवसा त्यावर बिले निघतात, भरतकामाच्या डिझाईन पाहिल्या जातात. इशाच्या नमाजनंतर कॉलेजात जाणारा मुलगा त्याच मशीनवर गेम खेळतो. आता मुलाचे म्हणणे असे की मशीन अडखळते, गेम मध्येच थांबतो, तेव्हा अब्बांनी सोळा हजारांचे ग्राफिक्स कार्ड घेऊन द्यावे.

वडिलांपुढे पेच होता. गणवेशाचे कापड भरण्याचे दिवस जवळ आलेले. सोळा हजार म्हणजे त्या भांडवलातला मोठा तुकडा. बरे, नाही म्हणावे तर मुलगा मोबाईलवरून हप्त्याने घेऊन मोकळा होईल ही भीती. शेजारच्या दुकानदाराच्या घरी तसे झालेलेही. "भाई, तुम्ही व्यापाराचे पान लिहिता, सांगा, देऊ की नको?" असे त्यांनी विचारले.

हा प्रश्न त्या एका घराचा नाही. आज पुष्कळ व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरात दुकानाचा कॉम्प्युटर आणि मुलाचा गेमचा कॉम्प्युटर एकच असतो. म्हणून आमचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत. आमचे मत थोडक्यात असे: सरसकट नकार देऊ नये आणि मागितले म्हणून सरसकट पैसेही देऊ नयेत. मशीनचा जो भाग अडवतो तो आधी शोधावा, तोच आधी बदलावा, आणि ज्याच्या कामाला तो उपयोगी त्याच्या खाती त्याचा खर्च लिहावा. एवढे केले तर बापलेकातला निम्मा वाद दुकानातच मिटतो.

कारागिराची नजर

शिलाई मशीनवर धागा तुटू लागला तर जाणता कारागीर पहिल्याच दिवशी नवी मशीन आणत नाही. तो आधी सुई पाहतो, मग धाग्याचे टेन्शन, मग बॉबिन आणि शटल. दोष सुईत असताना मोटर बदलली तर पैसा जातो आणि धागा तुटायचा तो तुटतोच. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, हार्ड डिस्क किंवा एसएसडी आहे, ग्राफिक्स कार्ड आहे आणि या सर्वांना वीज देणारा एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय आहे. यातला सर्वांत मंद भाग बाकीच्यांना थांबवून धरतो. त्याला हात न लावता दुसरा कोणताही महाग भाग बसवला तरी चाल तीच राहते.

दोष शोधायला इंजिनिअर लागत नाही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची सोय फुकट असते. गेम सुरू ठेवून ती उघडावी. सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू असे चार आकडे टक्क्यांत दिसतात. गेम अडखळतो त्या क्षणी डिस्क शंभरावर गेलेली असेल तर दोष डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर रॅम कमी आहे, आणि विंडोज आपले ओझे डिस्कवर टाकत आहे. सीपीयू शंभरावर आणि जीपीयू निवांत असेल तर प्रोसेसर मागे पडतो आहे.

दुसरी परीक्षा याहून सोपी. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी करावे, म्हणजे चित्र थोडे भरड करावे. तसे केल्यावर गेम एकदम पळू लागला तर ग्राफिक्सचा भाग अडवत होता, आणि नवे कार्ड घेण्यात अर्थ आहे. चित्र भरड करूनही चाल तीच राहिली तर कार्ड बदलून फारसे काही मिळणार नाही, दोष दुसरीकडे आहे. दहा मिनिटांची ही परीक्षा न करता जो हजारो रुपये मोजतो, तो नमुना न पाहता कापडाचे ठाण उचलणाऱ्या व्यापाऱ्यासारखा म्हणावा लागेल.

सुलतानपुरात काय दिसले

आम्ही मुलाला बोलावून त्याच्याकडूनच ही परीक्षा करून घेतली. मशीन सहाव्या पिढीच्या कोअर आय-५ प्रोसेसरचे, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड मुळीच नाही. चित्राचे काम प्रोसेसरच्या आत असलेला छोटा ग्राफिक्स भाग करत होता. गेम अडखळला की डिस्क शंभरावर जाई आणि मेमरीही जवळजवळ भरलेली दिसे. रिझोल्यूशन कमी केले तेव्हा गेमची सर्वसाधारण चाल सुधारली, पण मध्येच थांबणे तसेच राहिले.

म्हणजे रोग दोन होते. मध्येच थांबण्याचा रोग डिस्क आणि रॅमचा, संथ चालीचा रोग ग्राफिक्सचा. मुलगा अर्धा बरोबर होता, हे आम्ही वडिलांसमोर सांगितले. नुसते कार्ड आणले असते तर चाल वाढली असती, थांबणे राहिले असते, आणि सोळा हजार देऊनही रडगाणे संपले नाही म्हणून घरात पुन्हा भांडण झाले असते.

मग वीज बंद करून डबा उघडला. आत कपड्याच्या तुसाचा थर साचलेला. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या फटी बुजून गेलेल्या. शिलाईच्या, गादीच्या आणि पिंजाऱ्याच्या दुकानांत हे नेहमीचे आहे. हवा कोंडली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हा त्रास अधिकच. तूस मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने साफ केले. प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या ठोकळ्यामध्ये जो लेप असतो तो वाळून गेला होता, तो नवा लावायला सांगितला. पंखा साफ करताना तो बोटाने धरून ठेवावा, हवेच्या जोराने गरगर फिरू देऊ नये, एवढे पथ्य पाळावे. ही पहिली दुरुस्ती, आणि तिला खर्च जवळपास नाही.

बदलाचा क्रम

बाजारभाव रोज हलतात, म्हणून आम्ही येथे भाव लिहीत नाही, क्रम लिहितो.

पहिला बदल एसएसडीचा. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये सुई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाईपर्यंत वेळ जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, फिरती डिस्क शंभर-दीडशेच्या घरात राहते, आणि लहान लहान फायली शोधण्यात तर दोघींची तुलनाच नाही. एसएसडीने गेममधील फ्रेम वाढत नाहीत, हे मुलांनी समजून घ्यावे. गेम लवकर उघडतो, मध्ये थांबत नाही. पण खरा लाभ दुकानाला आहे. सकाळी मशीन सुरू करून बिलाचा पडदा येईपर्यंत जो चहा पिऊन होत असे, तो वेळ वाचतो. जुनी डिस्क फेकू नये, दुकानाच्या हिशेबाची दुसरी प्रत ठेवायला ती कामाला येते.

दुसरा बदल रॅमचा. आज आठ जीबी काठावर पडते, सोळा जीबी बऱ्याच गेमना पुरते. शक्यतो सारख्या मापाच्या दोन पट्ट्या लावाव्यात. दोन पट्ट्या असल्या की मेमरीकडे जाण्याच्या दोन वाटा उघडतात. वेगळे कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्सचा भाग याच रॅमवर जगतो, त्यामुळे तेथे दुसऱ्या पट्टीचा फरक लगेच दिसतो. मात्र घेण्याआधी बोर्डावर डीडीआर-३ आहे की डीडीआर-४ ते पाहावे. सहाव्या पिढीच्या मशीनमध्ये दोन्ही प्रकार आढळतात आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर भडकले, कारण कारखान्यांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळला. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी तपासून घेतलेली जुनी पट्टी वापरण्यात कमीपणा नाही.

तिसरा क्रमांक ग्राफिक्स कार्डाचा. पण कार्डाकडे वळण्याआधी वीज पाहावी लागते, आणि आमच्या अनुभवात गावाकडचे गिऱ्हाईक येथेच सर्वाधिक फसते.

वीज आणि पॉवर सप्लाय

कार्यालयातून निघालेल्या मशीनमधील पॉवर सप्लाय लहान असतो, आणि पुष्कळदा त्याची जोडणी त्या कंपनीपुरतीच असते. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. ग्राफिक्स कार्डाला बोर्डावरच्या खाचेतून जास्तीत जास्त पंचाहत्तर वॅट मिळतात. त्याहून भुकेल्या कार्डाला पॉवर सप्लायकडून वेगळी तार लागते, ती अशा मशीनमध्ये बहुधा नसते. कुणी जोडपिनांनी ती तार ओढून देतो म्हणाला तर त्याला हात जोडावेत.

स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात साडेचारशे वॅट छापलेले असते. तो आकडा पाहू नये, बाजूचा तक्ता पाहावा. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते बघून १२ ने गुणावे. समोर १६ अँपिअर असतील तर कामाची वीज १९२ वॅटच झाली, कारण प्रोसेसर आणि कार्ड यांचे मुख्य खाणे १२ व्होल्टवर असते. कमी दर्जाचा पॉवर सप्लाय जळताना एकटा जळत नाही, बोर्ड आणि डिस्कही सोबत नेऊ शकतो. डिस्क गेली म्हणजे दुकानाचा हिशेब गेला. नवा घ्यायचा झाल्यास नावाजलेल्या कंपनीचा, वॉरंटीचा आणि ८० प्लस प्रमाणाचा घ्यावा. कार्डात दोन पैसे कमी घालावेत, पण येथे काटकसर करू नये.

यूपीएसच्या बाबतीतही असाच घोळ होतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. या मापाच्या पुष्कळ यूपीएसची क्षमता ३६० वॅटच असते. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते पाहावे. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर नव्या पद्धतीचे पॉवर सप्लाय कुरकुर करतात, कधी बंद पडतात. आणि तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन खरोखर जमिनीला जोडलेली आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. सुलतानपूरच्या त्या दुकानात नव्हती. डब्याला हात लावला की झिणझिण्या येत, आणि घरचे लोक त्याला मशीनचा स्वभाव समजत होते!

नाव एक, माल दोन

आता कार्ड. जुन्या कार्यालयीन मशीनला शोभेल असे, वेगळी तार न मागणारे कार्ड हाच सुरक्षित मार्ग. २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५० चे काही प्रकार पंचाहत्तर वॅटांत चालतात, काहींना मात्र वेगळी तार लागते. २०२४ मध्ये आलेला आरटीएक्स ३०५० चा सहा जीबी प्रकार सत्तर वॅटांचा आहे. त्याच नावाचा आठ जीबी प्रकार १३० वॅटांचा आहे, त्याला तार लागते, आणि तो आतून अधिक ताकदीचाही आहे. नाव एक, माल दोन. व्यापारी माणसाने हे लगेच ओळखावे.

एएमडीचे आरएक्स ६४०० हे कार्डही वीज कमी खाते, पण ते बोर्डाशी चारच वाटांनी बोलते. नव्या बोर्डावर ते चालून जाते. सहाव्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्याच चार वाटा निम्म्या वेगाच्या होतात आणि कार्डाची चाल पडते. स्वस्त दिसणारा माल आपल्या मशीनवर स्वस्त पडतोच असे नाही, याचे हे उदाहरण. डबा चपटा असेल तर अर्ध्या उंचीचे कार्ड लागेल, तेही मोजून घ्यावे.

पडद्याचाही विचार करावा. घरातला साधा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रे दाखवतो. कार्डाने त्यापुढे शंभर किंवा दीडशे चित्रे काढली तरी डोळ्यांसमोर साठच येतात. साठाच्या पडद्यासाठी दीडशेचे कार्ड घेणे हा इस्राफच म्हणावा लागेल.

जुन्यात किती घालावे?

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठरवून दिले आहेत. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो असे कंपनीची यादी सांगते. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन गोष्टी मागतो. म्हणजे सहाव्या पिढीचे मशीन आता उतरणीला लागले आहे.

म्हणून आमचा दुसरा नियम: जुन्या मशीनवर तोच खर्च करावा जो उद्या दुसऱ्या मशीनमध्ये उचलून नेता येईल. एसएसडी नेता येते. ग्राफिक्स कार्ड नेता येते. डीडीआर-४ ची रॅम त्याच जातीच्या पुढच्या बोर्डावर चालू शकते. त्या जुन्या बोर्डावर बसणारा मोठा प्रोसेसर मात्र तेथेच अडकून राहतो, त्यात पैसा गाडू नये. पुढे बोर्ड बदलण्याची वेळ आली तर एएमडीचा एएम-४ हा जुना जाणता मार्ग डीडीआर-४ वर चालतो, आणि त्यातील रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतला ग्राफिक्स भाग हलके गेम कार्डाशिवाय चालवतो. एएम-५ ला मात्र डीडीआर-५ च लागते. घेताना पुढची पायरी डोळ्यांसमोर ठेवावी.

ओला गहू वर दिसू द्या

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा या मालाचा जुना बाजार. आपल्याकडचे लोक जालना, अकोला, छत्रपती संभाजीनगर येथूनही माल आणतात. जुन्या मालाची उलाढाल मोबाईलवरच अधिक होते, आणि लबाडीही तेथेच अधिक.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते चलन काढण्याचा धंदा एका दिवसात बसला. रात्रंदिवस तापलेली हजारो कार्डे जुन्या बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड वाईट असतेच असे नाही. पण विकणाऱ्याने 'घरात फक्त गेमसाठी वापरले' असे सांगणे ही लबाडी आहे. काही मायनिंग कार्डांना पडदा जोडायची जागाच नसते, तीही नवख्यांच्या गळ्यात पडली. जुन्या कार्डाचे नाव आतून बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचा प्रकार इतका वाढला की जीपीयू-झेड या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमला २०१८ पासून अशी खोटी कार्डे ओळखून तसे दाखवण्याची सोय करावी लागली. आरएक्स ५८० या नावाखाली कमी ताकदीचा २०४८एसपी प्रकार आजही खपवला जातो.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. ही घटना आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ग्राफिक्स कार्डाच्या राशीतही ओले धान्य असते. आपला मुलगा जुने कार्ड विकत असेल तर त्याने पंखा वाजतो, दुरुस्ती झाली आहे, मायनिंगला वापरले आहे, जे असेल ते आधी सांगावे. दोष लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क आपल्या फिकहने खियार-ए-ऐब म्हणून मान्य केलेला आहे, हेही त्याला शिकवावे. व्यापाराचा हा धडा घरातच मिळाला तर तो जन्मभर पुरतो.

घेणाऱ्याने आपली काळजी घ्यावी. प्रोसेसर आणि रॅम जुनी घ्यायला हरकत नाही, रॅम मेमटेस्ट लावून तपासावी. एसएसडी जुनी घ्यायची तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची प्रकृती पाहावी. कार्ड समोर अर्धा तास गेमवर चालवून, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहून, जीपीयू-झेडमध्ये नाव तपासूनच पैसे द्यावेत. जुना पॉवर सप्लाय आणि जुनी फिरती डिस्क घेऊच नये.

खर्च कोणाच्या खाती?

आता हिशेब. सुलतानपूरच्या बांधवांना आम्ही पाटी मांडून दाखवली. साफसफाई, एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी यांनी दुकानाचे काम थेट सुधारते. हा खर्च दुकानाचा. ग्राफिक्स कार्डाने बिल लवकर निघत नाही आणि टाका लवकर पडत नाही. हा खर्च मुलाच्या हौसेचा, तो मुलाच्या कमाईतून व्हावा. उद्या मुलगा लग्नाचे व्हिडिओ जोडण्याचे काम घेऊ लागला तर कार्डही अवजार ठरेल, तेव्हा हिशेब पुन्हा मांडावा.

जीएसटीच्या बाबतीत हाच न्याय लावावा. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर १८ टक्के कर आहे. दुकानासाठी घेतलेल्या भागाचे पक्के बिल दुकानाच्या क्रमांकावर घेतले तर नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळते, कंपोझिशन योजनेतल्याला मिळत नाही. पण गेमसाठी घेतलेले कार्ड दुकानाच्या खर्चात दाखवून क्रेडिट घेणे कायद्यातही बसत नाही आणि इमानातही बसत नाही. पक्के बिल मात्र नेहमी घ्यावे, त्याशिवाय वॉरंटी चालत नाही.

हप्त्याबद्दल आमचे मत सरळ आहे. 'शून्य व्याज' असे लिहिलेले असते, परंतु शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवले होते. ते व्याज कुठे प्रक्रिया शुल्कात, कुठे गमावलेल्या सवलतीत दडलेले असते. खेळाच्या हौसेसाठी व्याजाची दोरी गळ्यात अडकवून घेण्याची गरज कोणत्याच घराला नाही. कार्ड तीन महिने उशिरा आले तर काही बिघडत नाही.

आणखी एक इशारा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. मुले पैसे वाचवण्यासाठी चोरीचे गेम उतरवतात. त्या फायलींबरोबर पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम घरात शिरतात. ज्या मशीनवर दुकानाचे जीएसटी आणि बँकेचे व्यवहार चालतात त्यावर असा गेम टाकणे म्हणजे गल्ल्याची किल्ली रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे. शिवाय दुसऱ्याची मेहनत न विचारता उचलणे हे हलाल कसे म्हणावे? फुकट आणि कायदेशीर मिळणारे गेम भरपूर आहेत. मुलासाठी विंडोजमध्ये वेगळे खाते उघडावे, त्याला प्रोग्रॅम बसवण्याचा अधिकार देऊ नये, आणि दुकानाच्या हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर ठेवावी. बँकेसाठी निराळे मशीन ठेवता आले तर त्याहून उत्तम.

खेळ आणि जुगार

काही बुजुर्ग म्हणतील, गेमवर एवढे लिहायचे कशाला, बंदच करा. त्यांची तळमळ आम्हाला मान्य आहे. नमाज, अभ्यास आणि दुकान यांच्या वेळेवर जो खेळ चढून बसतो तो आवरलाच पाहिजे. आणि पैसे लावून खेळायचा गेम हा तर उघड जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैशांच्या खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. ही रेषा आपल्या धर्माने फार आधी आखून दिलेली आहे, घरात ती स्पष्ट शब्दांत सांगावी.

परंतु ज्या मुलाने आपल्या हाताने डबा उघडून तूस काढले, दोष कोठे आहे ते आकड्यांवरून ओळखले, १२ व्होल्टचे अँपिअर वाचायला शिकला, त्याने एका संध्याकाळी एक हुन्नर कमावला, हेही बुजुर्गांनी पाहावे. लहान गावांतून कॉम्प्युटर दुकानोदुकानी पोहोचले, त्यांना नीट ठेवणारे हात मात्र कमी आहेत. बिघडले की मशीन गाडीत घालून तालुक्याला किंवा शहराला न्यावे लागते. हे काम शिकून इमानाने करणाऱ्याला गावातच रोजी आहे.

आमच्या बांधवांनी शेवटी हेच ठरवले. एसएसडी आणि रॅमची पट्टी दुकानाच्या पैशांतून आली, तिसऱ्या पिनेला जमीन मिळाली, आणि कापडाचे भांडवल शाबूत राहिले. कार्डाचे पैसे मुलाने मिळवायचे आहेत. परवा त्यांचा फोन आला. मुलाने शेजारच्या दोन दुकानांतले कॉम्प्युटर साफ करून दिले, मजुरी घेतली आणि ती एका डब्यात वेगळी ठेवली. कार्ड अजून आलेले नाही. गेम मात्र आता मध्येच थांबत नाही, आणि सकाळचे बिल वेळेवर निघते.